बोल्टखालचा रंग

३ मार्च

चि. धाकट्यास,


चार महिने एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. आता भांडायला लिहितेय, त्याची मात्र माफी मागणार नाही.

काल मामाला दवाखान्यात भेटले. उजव्या हाताची तीन बोटं जळालीत, चहाचा कप डाव्या हातात. तरी मलाच म्हणाला, तुझ्या भावाला बोलू नकोस, त्याचा धंदा नवा आहे. चाळीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडणारा माणूस तू रस्त्याकडेला बसवलेल्या टेलिफोनच्या लोखंडी कपाटाचं दार उघडतो आणि दारच त्याला झटका देतं. आणि ज्याने तुला पक्कड धरायला शिकवली, त्याच्याबद्दल तू कंपनीला लिहून देतोस की त्याचे हात ओले होते, निष्काळजीपणा झाला! शुक्रवारी चौकशी आहे. निवृत्तीला सहा महिने उरलेत आणि तुझ्या या एका शब्दावर त्याला काढून टाकतील. लाज कशी वाटली नाही रे?

सौ.ला आशीर्वाद. तुला पुढच्या पत्रात, जमलं तर.
ताई

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पण सगळा राग माझ्यावरच का? कपाटांच्या अर्थिंगच्या चाचणीवर तुमच्या प्रयोगशाळेची, म्हणजे तुझीच सही आहे. आकडा उत्तम होता. मग मी काय लिहायचं, वीज आपणहून चिडली? बारा कपाटं मुदतीत द्यायची होती. रंगाऱ्याने आधी रंग मारला, मग आम्ही अर्थिंगची तार बोल्टने आवळली. सगळे तसंच करतात. उकरून काढलंस तर माझं कंत्राट जाईल आणि तुझी खुर्चीही. मामा गप्प राहणार आहे. तूही राहा.

एवढ्या वेळी धाकट्याची चूक पोटात घाल.
तुझा भाऊ

७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

रंगाचं तू सहज लिहून गेलास. मी ते वाचलं, उघडलेला जेवणाचा डबा तसाच झाकला आणि कपाटापाशी गेले. बिजागरीत घासून आतल्या वायरचं आवरण सोलवटलं होतं, तांबं दाराला टेकलेलं. असं कधीतरी होणारच, म्हणून तर अर्थिंग असतं. वीज जमिनीत जावी आणि फ्यूज उडावा. बोल्ट काढला. खाली हिरवागार रंग, एक ओरखडा नाही, आणि रंगातून वीज जात नाही. तुझी तार जमिनीला जोडलेली होती, कपाट कशालाच नव्हतं.

आणि माझा उत्तम आकडा? मी मीटरचा चिमटा तारेच्या टोकाला लावला होता. तो दाराला लावायला हवा होता. त्यासाठी नवा रंग खरवडावा लागला असता आणि तू कुरकुरला असतास. भावाची कुरकूर नको म्हणून मी मामाचा हात जाळला. चार दिवस तुला शिव्या घालत होते, त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत.

चौकशीला दोघांच्या चुका लिहून दिल्यात, आधी माझी. हात कोरडे होते हेही. मामा माझ्यावर भडकला, म्हणाला, धाकट्याच्या पोराबाळांनी खायचं काय? मी म्हटलं, उरलेली अकरा कपाटं अजून चालू आहेत, त्यातलं एक शाळेच्या फाटकाशी, आणि पोरं त्यालाच टेकून उभी राहतात.

लोभ ठेव नाहीतर ठेवू नकोस, पण कानस घेऊन ये.
ताई

उद्या : सकाळी सातला, शाळा भरायच्या आत, फाटकाजवळच्या कपाटाची वीज बंद करून बोल्टखालचा रंग खरवडणे.