पहिल्या रांगेतली दाद

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी दोन तास हार्प्सिकॉर्ड सुरात लावला. दुपारी रंगीत तालीम झाली. तालमीला काका आले होते, त्यांना आयसेलिनला घरी सोडलं आणि मी सहाला परत आले. वरणभात गरम करून खाल्ला.

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आधी आपण एका घरात होतो, नंतर फोन होता. आज काकांनी गाडीत एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

मी हार्प्सिकॉर्ड शिकायला लागले तेव्हा आपल्या पार्सिपनीतल्या सगळ्या मराठी मंडळींनी, हे कसलं वाद्य म्हणून तुम्हालाच गाठलं होतं. तुम्ही काकांना समजावत होतात, "पियानो नाही रे. पियानोत तारेवर हातोडी पडते, यात तार छेडली जाते." काका म्हणाले, "म्हणजे सतार पेटीत घालून वर झाकण लावलंय, असं म्हण की!" "तसंच समज. तीनशे वर्षांपूर्वीचे ऑपेरे त्यावर चालतात. आपल्याकडे पेटीवाला गवयाच्या मागून जातो, तिथे गवई हिच्या मानेच्या इशाऱ्याकडे बघून गाणार. वाजवता वाजवता सगळा वाद्यवृंद हीच हाकणार." मला तेव्हा पेटीवाल्याशी केलेली तुलना आवडली नव्हती. आता विद्यार्थ्यांना मी हेच सांगते, फक्त पेटीवाल्याला वगळून.

तुम्ही स्वतः गात नव्हता, पण बेसमेंटमधल्या मैफलींत तुमची जागा ठरलेली असायची. कार्पेटवर चादरी अंथरलेल्या, गराजमध्ये चपलांचा ढीग, आणि तुम्ही अगदी पुढे, मांडी घालून. गाणाऱ्याने जागा चांगली घेतली की तुमची "वा!" नेमकी तिथे पडायची. पाहुणे गवई दोन गाण्यांनंतर तुमच्याकडेच बघून गायला लागायचे.

मी पहिल्यांदा ऑपेरा कंडक्ट केला तो एका जुन्या चर्चमध्ये. आई नव्हती, तुम्ही एकटेच आलात, लग्नातला सूट घालून, पहिल्या रांगेत. दुसऱ्या अंकात टाकून दिलेल्या राणीचं संथ गाणं आहे. पहिला भाग शेवटी परत येतो आणि तेव्हा गायिकेने तो स्वतःच्या मनाने नटवायचा असतो. ती त्याच ओळीवर परत आली, वरच्या सुरावरून हळूहळू उतरली, आणि माझ्या पाठीमागून तुमचा आवाज आला, "वा! क्या बात है!" कोणीतरी गप्प करायला जोरात "श्श!" केलं. व्हायोलिनवाली हसली. मी मागे न वळता वाजवत राहिले.

परतताना गाडीत मी म्हणाले, "बाबा, हे काय कुणाचं बेसमेंट आहे?"

"अगं, तिने ती ओळ परत अशी काही घेतली ना, राहवलंच नाही."

"इथे लोक शांत बसतात. प्लीज. मला फार एम्बॅरसिंग झालं."

"बरं," तुम्ही म्हणालात. थोड्या वेळाने म्हणालात, "परत नाही होणार."

आणि झालं नाही. त्यानंतर तुम्ही माझ्या प्रत्येक प्रयोगाला आलात, शेवटच्या रांगेचं तिकीट मागून घेऊन. मला वाटायचं, वयामुळे लवकर बाहेर पडायला बरं पडत असेल. प्रयोगानंतर कसं झालं विचारलं की म्हणायचात, "छान झालं." एवढंच.

आज तालीम संपल्यावर काकांना तेच विचारलं. ते म्हणाले, "छान. आम्ही हूं की चूं केलं नाही हो! तुझ्या बाबाने बजावून ठेवलं होतं." मग पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा म्हणाले, "तुला माहितीये ना, त्याने आमच्या मैफलींतसुद्धा दाद द्यायची सोडली होती?" मला माहीत नव्हतं. एकदा पुण्याहून आलेल्या गायिकेने गाणं मधेच थांबवून तुम्हाला विचारलं, "काका, रुसलात का? काही चुकतंय का माझं?" तुम्ही म्हणालात, "नाही नाही, तुम्ही गा. सवय मोडतोय. इथे ठेवली तर तिथे तोंडातून निघते, पोरीला अडचण होते." काका हे हसत सांगत होते. "खोकल्याची गोळी चघळत बसायचा रे देवा, अख्खी मैफल!" मी समोरच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत राहिले. तुमच्या कोटाच्या खिशात गोळ्यांचे कागद सापडले होते तेव्हा मी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली होती, आणि तुम्ही मुकाट्याने जाऊनही आलात.

त्या प्रयोगापासून तुम्ही जाईपर्यंत आठ वर्षं, बाबा. घरातल्या, हक्काच्या जागीसुद्धा.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. चर्चमधल्या त्या दिवशीच्या कार्यक्रमपत्रिकेतलं टिपण मी लिहिलं होतं. त्यात होतं, की त्या काळी प्रेक्षक गप्प बसत नसत, गाणं आवडलं की मधेच ओरडून दाद देत. सुरू व्हायच्या आधी मी बाजूच्या दारातून बाहेर डोकावले होते. तुम्ही चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून तेच वाचत होतात. गाडीत तुमच्यावर चिडले तेव्हा मला ते आठवत होतं. तुम्हालाही आठवत असणार. तुम्ही त्याचा उल्लेख केला नाहीत, आणि मीही नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. उद्याच्या प्रयोगाचा काळा शर्ट चुरगळला आहे. इस्त्री लावली आहे, तापली की करून टाकते.