उजव्या प्रसादाची गाडी

बाबा, आम्ही ती गाडी बदलली. देवाचा उजवा प्रसाद घेऊन आणलेली, वर्षही न झालेली गाडी देऊन टाकली आणि दुसऱ्या कंपनीची आणली. हे मी करायला लावलं. तुम्ही असता तर महिनाभर माझ्या हातचं पाणी घेतलं नसतं, म्हणून आधीच सांगून टाकते.

असल्या उंच एसयूव्ही तुम्ही पाहिल्याच नाहीत. आता आपलं राज्य झालंय, कोंकणी राजभाषा झालीय, आणि साखळीच्या बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही. माझ्या घरातही कोंकणीच चालते, पण तुम्ही पाटीवर बाराखडी मराठीत गिरवून घेतलीत, तेव्हा तुम्हाला लिहायचं ते ह्याच भाषेत. खाणीवरच्या नोकरीतून मोकळे झाल्यावर ह्यांनी फंडाच्या पैशांतून गाडी घ्यायचं काढलं. घरचा हिशेब माझ्याकडे असतो. ओढूनताणून का होईना जमत होतं, म्हणून मी अडवलं नाही. कुठली घ्यावी ते गाडी चालवणाऱ्या दोघाचौघांना विचारा, एवढंच म्हटलं. ह्यांनी माणसांना विचारलंच नाही, थेट देवाला विचारलं. भटांनी मूर्तीला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार; डावी पडती तर नकार. झालं, शोरूममध्ये जी पहिली दिसली ती दारात आली.

पहिल्याच महिन्यात ती चढावर धापा टाकून बंद पडायला लागली. कंपनीच्या वर्कशॉपात नेली की तिथे शहाण्यासारखी चालायची. तिथला टाय लावलेला मुलगा म्हणाला, मॅडम, तुमच्या भागात खाणीची धूळ फार. मी म्हटलं, धूळ आमच्याकडे तुमच्या गाडीच्या आधीपासून आहे. घरी मात्र गाडीत दोष आहे असं म्हणायची सोय नव्हती. देवाने दिलेल्या गाडीत दोष कसा असेल? दृष्ट लागली असेल, जागेचा राखणदार देव रुसला असेल. लिंबू-मिरच्या झाल्या, चाकाखाली नारळ झाले. शेवटी शेजारीण मला म्हणाली, वहिनी, गाडी ऱ्हवांदे, तुम्ही खोबऱ्याचा दुकान घाला.

मी हसले होते. पण मग लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आठव्या महिन्यात तिला म्हापशाच्या डॉक्टरांना दाखवून परतताना डिचोलीच्या अलीकडे ऐन चढावर गाडी थांबली आणि मागे मागे सरायला लागली. पाठीमागून ट्रक येत होता. त्या ट्रकवाल्याने कसाबसा ब्रेक मारला, उतरून आमच्या चाकाला दगड लावला आणि लेकीला म्हणाला, बाय, तू आधी खाली उतर. ती रस्त्याकडेच्या मोरीवर पोट धरून बसली आहे, उन्हात, ओठ सुकलेले. आणि हे बॉनेट उघडून आतल्या इंजिनाला हात जोडून गाऱ्हाणं घालताहेत.

तेव्हा मला तुमचा पांढरा बैल आठवला. तोही उजव्या प्रसादाचा. इब्रामपूरच्या आपल्या शेतात जोताला जुंपला की तो दोन फेऱ्या मारतो आणि चिखलात बसतो. शेपूट पिरगळा, गोंजारा, उठत नाही. तुम्ही बांधावर उभे, आणि आई कुदळ घेऊन खणतेय. मी नुकती मॅट्रिक झालेली. म्हणाले, बाबा, विका त्याला. तुम्ही म्हणालात, "चार बुकं शिकलंस म्हणून देवाच्या शब्दाक बोट लावतंस?" बैल म्हातारा होऊन मेला तुमच्याच गोठ्यात. आईचा खांदा त्याच्याही आधी गेला होता. शेवटी तिला स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नव्हती. तुमचं मन मोठं, लोक अजून सांगतात. खांद्याचं कोणी सांगत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, ही गाडी द्या आणि दुसरी बघा. हे कळवळले. "देवान उजवो दिलो गो. आता परत करूक गेलंय तर देव काय म्हणतलो?" मी म्हटलं, "देव काय म्हणतलो ता माका म्हाईत नाय. चेडू वाटेर बाळंत झाला तर मी काय म्हणतलंय, ता आयकून ठेवा."

हे जेवले नाहीत. सकाळी पाहते तर गाडीची लिंबू-मिरची स्वतःच सोडत होते. मग म्हणाले, दुसरी घेताना तरी प्रसाद घेऊया. मी नाही म्हटलं. टॅक्सी स्टँडवर जाऊन, पदर खोचून, चढावर कुठली गाडी दम धरते ते ड्रायव्हरांना विचारलं. पहिलीची किंमत पाडून दिली, तोटा झाला. तो मी तोटा म्हणूनच लिहिला, नशीब म्हणून नाही. काल लेकीला पुन्हा म्हापशाला नेऊन आणलं. तो चढ आला तेव्हा ती झोपली होती, आणि चढ संपला तरी झोपलेलीच होती.

लोक विचारतात, देवाला न विचारता कशी घेतलीत. मी सांगते, एकदा विचारलं होतं, त्याला परत परत काय त्रास द्यायचा. हा कागद कुठे जायचा नाही म्हणून तुम्हाला खरं सांगते. विचारलं असतं आणि डावी पाकळी पडली असती, तरी मी गाडी बदललीच असती. मग तिन्हीसांजेला दिवा लावताना त्याच्याकडे बघायचं कसं? म्हणून विचारलं नाही.