देवाच्या नावाचा मेंढा

बा, आज प्रयोगशाळेत काम करताना तुझी चाती आठवली. येलदरीच्या माळावर मेंढरांमागं चालता चालता तू तिच्यावर लोकर कातायचास. पीळ जास्त झाला की सूत स्वतःवरच दुमडायचं, गाठ पडायची. मी ती दातांनी ओढायची आणि सूत तुटायचं. तू हसायचास.

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं पेटली, कॉलेज बंद पडलं, म्हणून मी घरी होते. त्याच पावसाळ्यात तुझा ताप उतरेना, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. परभणीच्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगितला. घरी आल्यावर तू मला जवळ बसवलंस आणि तेव्हा मला कळलं. बिरोबाच्या नावानं सोडलेला मेंढा, ज्याला आपण कधी कात्रीही लावली नाही, तो तू जिंतूरच्या बाजारात विकला होतास, माझ्या वसतिगृहासाठी.

"देवाचा मेंढा इकला म्या," तू म्हणालास. "रगत उगं नासत न्हाई, पोरी. पर तू शिकनं सोडू नको."

मला तुझा लय राग आला, बा. मरतानाही माझ्या शिक्षणाचं पाप स्वतःच्या माथी घेऊन चाललास, आणि मी ते कसं पेलायचं याचा विचारच केला नाहीस.

आता ऐक. हाडांच्या मगजात मूलपेशी असतात. त्यांच्यापासून तांबडं-पांढरं सगळं रक्त तयार होतं. प्रत्येक पेशीत डीएनएचा तोच पिळाचा धागा, पण त्यावर जागोजागी चार पदरी गाठी पडतात. पेशी पिकत जाते तशा त्यातल्या बऱ्याच सुटतात, आणि धाग्याचा कुठला भाग कामाला लागायचा ते बदलतं. माझं सगळं काम या गाठींवर आहे. तुझ्या पेशी पिकल्याच नाहीत, कच्च्याच वाढत गेल्या. का, ते मलाही नक्की सांगता येणार नाही. पण त्यात मेंढा कुठंच नव्हता, बा. मीही नव्हते.

हे तुला सांगायचं राहिलं. कागद घडी करून पेटीत ठेवते, तुझ्या घोंगडीखाली. आणखी एक, इथं कुणाला ठाऊक नाही. पहिल्या पगारात मी एक मेंढा घेतला आणि बिरोबाच्या नावानं सोडला. देवाला मी मानत नाही. तरी तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरावं असं वाटलं.