पाच दिवसांचं दूध

बुधवार, तूबा महिन्याची वीस
कोम-अल-रमाद, फय्यूम

आई, सलाम. गुडघे कसे आहेत? इकडे सगळं बरं आहे असं लिहायचं असतं, मी लिहिणार नाही. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. रुवैदा झोपली की पोरीच्या छातीवर हात ठेवून बसते, श्वास चालतोय का बघत.

वाचणाऱ्याने हळू वाचावं. माझं अक्षर वाईट आहे.

मोठ्या म्हशीची कास सुजून दगडी झाली. होणारच! सब्रीने गोठ्यातला कोरडा पेंढा विकला. जनावर दिवसरात्र शेणाच्या चिखलात बसतं. बरसीमच्या चाऱ्याला पाणी सोडतात ते घाणीच्या नाल्याचं. मी बोलले तर हेच नवरोजी म्हणतात, "तू काय म्हशीची वकील?"

शुक्रवारी गुरांचा डॉक्टर आला. सडात औषधाच्या नळ्या सोडल्या, सासूला बजावलं, "हाज्जा, पाच दिवस दूध ओतून द्यायचं. रेडकालाही नाही." त्याची पाठ वळली तशी ती म्हणाली, "म्हैस काय ह्याच्या बापाची आहे?"

तू असं दूध खड्ड्यात ओतून वर माती लोटायचीस. मांजराने चाटू नये म्हणून.

इथे ते मडक्यांत भरलं, पनीर करायला. लागलंच नाही. दोन दिवस पाण्यासारखं पातळ. सासू शेजारणींना सांगते, "सुनेचा हात लागला की दूधसुद्धा रुसतं." चाळीस वर्षं मडकी लावतेय बाई, औषधाचं दूध लागत नाही हे तिला ठाऊक नाही? चांगलं ठाऊक आहे! मग म्हणाली, पनीर होत नाही तर सोमवारी बाजारात धारेचं दूधच विकू.

बाजारात एक बाई आली, कडेवर पोर. दुधाचा वास घेतला आणि म्हणाली, "एवढं चांगलं आहे तर आधी तुमच्या पोरीला पाजा." सासू हसली, "पाजतो की! आम्ही काय विष विकतो?" आणि पेला भरला.

रुवैदाचे ओठ टम्म सुजले. अंगभर गांधी उठल्या. घशातून शिटीसारखा आवाज. त्याच बाईने नवऱ्याच्या टुकटुक रिक्षातून आम्हाला दवाखान्यात पोचवलं, नाहीतर आज मी दुसरंच पत्र लिहिलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी सुई दिली, पोर वाचली. त्यांनी विचारलं, "गेल्या हिवाळ्यात एका इंजेक्शनने हिला असंच झालं होतं ना? जनावरांनाही तेच औषध देतात. दुधातून वगैरे पुन्हा पोटात गेलं का?" सासूने माझ्या दंडाला चिमटा काढला. मी म्हणाले, नाही. अंडं खाल्लं.

आई, पेला सासूने भरला. पाजला मी. गुरांच्या डॉक्टरचं बोलणं कानात होतं आणि तरी पाजला, चार माणसांत सासूला खोटं कोण पाडणार म्हणून. मग खुद्द डॉक्टरीणबाईंनाच थाप मारली. तिकडे कागदावर अंडं लिहिलंय. आता कोणीही पोरीला अंडं देणार नाही, दूध खुशाल पाजतील!

आज म्हशीला पुन्हा नळ्या सोडल्या. म्हणजे पुन्हा पाच दिवस. सासू म्हणते, नजर लागली पोरीला, दूधच पाज, ताकद येईल. मी भरलेली बादली लाथेने उलथली. सब्रीने मारलं आणि फोन काढून घेतला, म्हणून हे पत्र. गाल सुजलाय, सुजू दे. उद्याही उलथीन. पण मी नाल्यावर कपडे धुवायला गेले की पोर तिच्याजवळ असते. पुढच्या सोमवारी तेच दूध बाजारात जाणार, दुसऱ्यांच्या पोरांना.

पुन्हा झालं तर पोर दवाखाना गाठणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला त्यांना खरं सांगायचंय. एकटीला इथून निघू देणार नाहीत.

पोरीला पाजणारी,
इबतिसाम

जो कोणी हे आईला वाचून दाखवतोय, त्याने आता कागद खाली ठेवावा. ती रडेल, रडू दे. माझ्या भावाला, बदावीला, फोन लाव. नंबर आईच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलाय. सांग, उद्याच गाडी घेऊन ये. काय झालं विचारेल, तर म्हण, दवाखान्याच्या वाटेत इबतिसामच सांगेल. आधी निघ. लाव फोन.