झाकण खाली आलं तेव्हा

प्रिय घुमे,

या नावाने तुला दोन वर्षांत कुणी हाक मारली नसेल. पत्ता तुझ्या मावसबहिणीकडून मिळवला. ती आधी देतच नव्हती. तुझ्या उजव्या हाताची बोटं आता कितपत मिटतात, ते तिने सांगितलं नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

लाँड्रीत सगळं तसंच आहे. हॉस्पिटलच्या चादरींचे गठ्ठे सकाळी सातला येऊन पडतात, दहापर्यंत वाफेने जीव नकोसा होतो. तुझ्या इस्त्रीच्या प्रेसवर एक नवी मुलगी आलीये, दिवसभर कानात वायरी घालून असते. दुपारी मी डबा उघडते आणि सवयीने अर्धं तुझ्यासाठी बाजूला काढते, मग मुकाट्याने परत आत घालते. घरी लेकाचा फोन रविवारी येतो. "आई, बरी आहेस ना?" "बरी आहे रे." संपलं. बाकी आठवडाभर माझ्यासारख्या बोलघेवडीला भिंतीशी बोलायची वेळ.

शनिवारची दुपार तर खायला उठायची. म्हणून गेल्या वर्षी वाचनालयाच्या वरच्या खोलीत इंग्रजीच्या वर्गाला नाव घातलं. हसू नकोस. आम्ही सहा जण आहोत, दोन ड्रायव्हर, एक स्वयंपाकी, एक शिंपी, एक नुकती बाळंत झालेली पोर आणि मी. मास्तरांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आम्ही सगळे इंग्रजी ओरडून बोलतो. खाली पेपर वाचणाऱ्यांनी दोनदा तक्रार केली.

दीड महिन्यापूर्वी मास्तरांनी चालू भूतकाळ घेतला. म्हणाले, घाबरू नका, तुम्ही रोज वापरता तोच आहे. 'मी जेवत होते', 'तो झोपला होता' नव्हे, 'तो झोपत होता'. वॉज लावायचं, क्रियापदाच्या शेपटीला इंग जोडायचं. आणि एक काम चालू असताना मध्येच दुसरं काही घडलं, तर मध्ये व्हेन. प्रत्येकाने एकेक वाक्य करायचं. शिंप्याने केलं, मी काजं करत होतो तेव्हा दिवे गेले. त्या पोरीने केलं, मी केस विंचरत होते तेव्हा बाळ रडलं. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून एक तयार वाक्य बाहेर पडलं, "शी वॉज टॉकिंग व्हेन द प्रेस केम डाउन." मास्तर खूश झाले. एकही चूक नाही म्हणाले, कुठे वाचलंत?

मी काहीतरी थाप मारली आणि घरी आले. कपाटात साड्यांच्या खाली तुझ्या अपघाताच्या त्या जबाबाची प्रत होती, सुपरवायझरने माझी सही घेतली होती तीच. सहीआधी त्याने ती इंग्रजीत भरभर वाचली होती, तेवढं एक वाक्य कानात राहून गेलं होतं. पहिल्यांदा अख्खी वाचली. ती बोलत होती, तिचं लक्ष नव्हतं, तेव्हा प्रेसचं झाकण खाली आलं. झाकण चालवायची पायाखालची पट्टी ढिली असल्याचं, तू आठवडाभर ओरडून सांगत होतीस त्याचं, अवाक्षर नाही. ओरडून कसलं, तू ते तुझ्या पद्धतीने दोन शब्दांत सांगितलंस. जिला अख्खी लाँड्री घुमी म्हणते, ती म्हणे गप्पा मारत होती! आणि त्या कागदावरून तुझा निष्काळजीपणा ठरला, तुला घरी बसवलं.

तेव्हा मी तुझ्या मावसबहिणीला सांगितलं होतं, मला काय कळणार, इंग्रजीत होतं, मी हजर होते एवढंच लिहिलंय असं तो म्हणाला, मी सही केली. तू ते खरं मानलंस की नाही, मला माहीत नाही. तू कधी विचारायला आलीच नाहीस. ते अर्धंच खरं होतं गं. बाकीचे शब्द मला येत नव्हते, पण शी आणि टॉकिंग येत होते. आपल्या दारावर अकरा वर्षं 'नो टॉकिंग'ची पाटी होती, तिची अक्षरं मला पाठ होती. त्या कागदावर मी ते दोन शब्द पाहिले आणि तरी पेन उचललं.

का, ते आता सांगते. बोलत मी होते. माझ्या घरमालकिणीची नक्कल करत होते, ती जिना चढताना कशी धापा टाकते ती. तू हूं देखील केलं नाहीस. चादरीची दुमडलेली कड सरळ करत होतीस, लक्ष तिथेच होतं. पण बोलणाऱ्या बाईचा शोध सुरू झाला असता तर तो माझ्यापाशी थांबला असता. म्हणून कागदावर 'शी' आहे हे मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

सोमवारी रजा टाकून मी कामगार कचेरीत नवा जबाब देऊन आले. पाच ओळी, माझ्या इंग्रजीत. मास्तरांना फक्त स्पेलिंग तपासू दिलं. खिडकीवरच्या बाईंनी वाचलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "मग दोन वर्षं काय करत होतात?" सुपरवायझरला बातमी लागली आहे. आता जेवताना माझ्या बाकावर कुणी बसत नाही. महिनाअखेरीला चौकशी आहे आणि तुला तिथून लखोटा येईल. पुन्हा तुझ्यावरच काही ढकलतायत असं समजून तू तो फाडशील, म्हणून हे पत्र आधी टाकतेय. फाडू नकोस, ये. माझ्याशी एक शब्द बोलू नकोस हवं तर, दुसऱ्या टोकाला बस. मी साहेबांसमोर उभी राहून सांगेन तेव्हा तू त्या खोलीत असावीस, एवढंच.

तुझीच,
शेजारच्या प्रेसवरची