बोरवस्तीच्या न वाजलेल्या भोंग्याबाबत

मी, गंगाधर त्रिंबक रिसबूड, वय ७१, रेल्वेच्या घाट विभागातून सिग्नल निरीक्षक म्हणून निवृत्त, राहणार भुशी रस्ता, लोणावळा, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि पुढील मजकूर मला कोणी सांगितलेला नाही. मला जीवघेणा आजार नाही. तरीही ही लिखापढी आत्ताच का, ते शेवटच्या कलमात येईल.

१. पत्नी चंद्रिका सहा वर्षांपूर्वी वारली. मुलगा श्रीयश हा एकच वारस. लोणावळ्याचे राहते घर, त्यातील भांडीकुंडी आणि त्याच्या आईचे दागिने त्याला मिळावेत. मागच्या खोलीतला संगणक मात्र त्याला नाही. त्याने तो बंद करू नये. माझ्या दिवसकार्याला पाहुणे आले आणि पंख्याचा आवाज नको झाला तरीही नाही.

२. हा संगणक मी कोमल आदिनाथ केदारी यांना देतो. त्या बोरवस्तीच्या सूनबाई, ग्रामपंचायतीत संगणकावर काम करतात. मळवलीच्या वर डोंगराच्या पोटाला ही नऊ घरांची वस्ती आहे. कोमलचे सासरे रखमाजी केदारी यांच्याकडून आम्ही वीस वर्षे इंद्रायणी तांदूळ घेत असू. चार वर्षांपूर्वी तांदूळ आणायला गेलो, तेव्हा त्यांनी मला गोठ्यामागे चढवत नेले आणि जमिनीतली भेग दाखवली. म्हणाले, "साहेब, गेल्या साली हितं काठी जात नव्हती. आता हात जातोय."

त्या भेगेवर मी तार ताणून मापक बसवले. ते दर पंधरा मिनिटांनी भेगेची रुंदी माझ्या घरी पाठवते. घरचा संगणक एकच, पण त्यात मी चार आभासी संगणक चालवतो. एका चाळीत चार बिऱ्हाडे राहावीत तसे. एक मोजमापे साठवतो, दुसरा ती पाहून वस्तीवरचा भोंगा वाजवतो, तिसऱ्यात घरचे फोटो, चौथा सर्वांच्या प्रती काढून ठेवतो. भोंगा वाजला की घरे सोडून शाळेत जायचे, असे वस्तीने ठरवले होते. तीन पावसाळ्यांत तो दोनदा वाजला, दोन्ही वेळा सगळे गेले.

३. हे कलम देण्याघेण्याचे नाही, पण याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत.

गेल्या वर्षी मार्चमध्ये जागा कमी पडू लागली म्हणून मी मोजमापे नव्या डिस्कवर हलवली. नव्या डिस्कची प्रत काढायची, ही खूण करायची माझ्याकडून राहिली. चौथा संगणक रोज पहाटे जुन्या, नवे काही न येणाऱ्या डिस्कची प्रत काढत राहिला आणि रोज 'यशस्वी' असे हिरव्या अक्षरांत सांगत राहिला. प्रतीचा आकार चार महिने तसूभर वाढला नाही. मी आकार पाहत नव्हतो, रंग पाहत होतो. श्रीयशने मे महिन्यात विचारले होते, "बाबा, त्या प्रतीतून एकदा तरी सगळं परत उभं करून पाहिलंत का?" मी त्याला म्हणालो, तू मला शिकवू नकोस. त्याबद्दल मी त्याची इथे लेखी माफी मागतो.

१९ जुलैला नवी डिस्क गेली. मी आधी वीजपुरवठा बदलला. मग मेमरीच्या पट्ट्या काढून घातल्या, मग केबल. दुसऱ्या दिवशी प्रतीतून सगळे परत आणले, तर शेवटचे मोजमाप २ मार्चचे. बाहेर धो धो पाऊस आणि माझ्यासमोर उन्हाळ्यातला डोंगर. मापकाशी जोडणी पुन्हा जुळेना. भोंग्याला नवे मोजमाप मिळेना, म्हणून तो गप्प राहिला. मोजमाप आले नाही तर गप्प बसायचे, ही आज्ञा मीच लिहिलेली होती. रेल्वेत चौतीस वर्षे मी हेच पाहिले की सिग्नल बिघडला तर तो लाल होतो, हिरवा कधीच नाही. स्वतःच्या घरी मात्र मी उलटे बांधले.

या तीन दिवसांत मी वस्तीवर फोन केला नाही. संध्याकाळपर्यंत होईल, असे तिन्ही दिवस वाटले. खरे कारण लाज हे होते.

२१ जुलैला सकाळी दहाच्या सुमारास गोठ्यामागचा उतार सुटला. शेजारच्यांनी रखमाजींना आदल्या दिवशीच शाळेत चला म्हटले होते. ते म्हणाले होते, "भोंगा न्हाई वाजला अजून. साहेबांचं ध्यान हाय." म्हशीचे दावे सोडायला ते गोठ्यात गेले आणि तिथेच गाडले गेले.

दहाव्यानंतर मी त्यांच्या पत्नी शालूबाई यांच्यासमोर जाऊन बसलो. डिस्क, प्रत, सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "यंत्र बंद पडलं, कळलं मला. तुमचं त्वांड कशानं बंद पडलं व्हतं?"



४. वराळे येथील माझी दोन खोल्यांची सदनिका शालूबाई यांना तहहयात राहण्यास देतो. त्यांच्या पश्चात ती कोमल यांची. शालूबाईंनी ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकली तेव्हा "मला नगं" म्हटले होते. तरीही लिहून ठेवतो. किल्ली कोमलकडे आहे.

५. बँकेतील ठेवी संगणकाच्या देखभालीसाठी कोमल यांच्या हाती द्याव्यात. त्यांनी मोजमापांच्या तीन प्रती ठेवाव्यात, एक ग्रामपंचायतीत, एक वराळ्याला, एक घरी. महिन्यातून एकदा दुसऱ्या यंत्रावर प्रतीतून सगळे उभे करावे आणि त्यात कालची तारीख दिसते का, ते डोळ्यांनी पाहावे. माझी अवजारपेटी, मीटर आणि तारा सांधायचे सोल्डरिंग आयर्न कोमल यांचे पती आदिनाथ यांना.

६. बाजीराव शेळके यांनी बंगल्यांच्या प्लॉटसाठी बोरवस्तीखाली डोंगराचा पाय कापला. मी मोजमापे घेऊन गेलो, तेव्हा ते म्हणाले, "रिसबूड साहेब, डोंगर काय तुमच्या संगणकाला विचारून पडतो का?" त्यांना माझ्या इस्टेटीतून काही नाही. मात्र दर महिन्याची मोजमापे छापून त्यांना आणि तहसील कचेरीत नेऊन द्यावीत, पोच घ्यावी. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

७. गेल्या हिवाळ्यात मी भोंग्याची आज्ञा उलटी केली. मोजमाप आले नाही, वीज गेली, काहीही बिघडले, तरी भोंगा वाजतो. त्यामुळे एप्रिलपासून तो अकरा वेळा उगाच वाजला. पहिल्या दोन वेळा सगळे बाहेर आले, पुढे तीन घरे, मग फक्त शालूबाई. मागच्या आठवड्यात कोणीतरी भोंग्याची वायर कापली. मी जोडली, ती पुन्हा कापली. वस्तीतल्या सत्यमला विचारले, तर तो सरळच म्हणाला, "मीच कापली. लेकरं दचकत्यात. तुमी लोनावळ्यात बसून वाजवता, पळायचं आमी."

त्याचे बोलणे बरोबर आहे.

उतार सुटल्यावर वर उरलेल्या भेगेवर मी मापक पुन्हा बसवले आहे. भेग पावसाळ्याबाहेर कधी वाढत नसे. यंदा मे महिन्यात ती एकोणीस मिलिमीटर वाढली. हे आकडे मी तीन वेगवेगळ्या प्रतींतून काढून ताडून पाहिले. ते चुकलेले नाहीत. चुकलेले असावेत म्हणून चार दिवस खटपट केली.

८. म्हणून मी जून ते सप्टेंबर बोरवस्तीत, वरून पहिल्या घरात राहणार आहे. घर केदारींचे, गोठ्याला लागून होते ते, आता रिकामे. मी बाहेर पडून दारे वाजवली तर माणसे बाहेर पडतील की नाही, सांगता येत नाही. पण वायर कापून मला गप्प करता येणार नाही. मी सापडलो नाही, तर आधी बाकीच्या आठ घरांकडे बघावे. माझ्यासाठी उकरत बसू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी श्रीयशने करावी.

सही: गं. त्रिं. रिसबूड
स्थळ: बोरवस्ती
दिनांक: २ जून २०२५

साक्षीदार १: नंदाबाई ठाकर, शिक्षिका. माझ्यासमोर सही केली. पावसाळ्यासाठी शाळेच्या दोन खोल्या उघड्या ठेवल्या आहेत.

साक्षीदार २: डॉ. अनिता मोघे. मी यांना आजच तपासले. नाडी, रक्तदाब, स्मरण उत्तम. वर जाऊ नका, असे मी तीनदा सांगितले. त्यांनी माझे नीट ऐकून घेतले आणि गादी वर नेण्यासाठी हात द्याल का, असे विचारले. ते पूर्ण शुद्धीत आहेत, असे मी प्रमाणित करते.