आत्याचं तीन दिवसांचं सुतक

अण्णा, तुमच्याशी भांडायचं आहे, पण नेमकं कशावरून ते मला सांगता येत नाही.

मागच्या वर्षी माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरात आधी कुणाला कॅन्सर होता का?" आई, आजी, मावशी आठवून मी म्हणाले, "कुणाला न्हाय." आत्या आठवली नाही असं नव्हे. पण ती लग्न होऊन गेलेली, दुसऱ्या घरची. तिला मी आपल्यात धरलंच नाही. गेल्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा बाईंनी, "वडिलांच्या बहिणी?" असं नेमकं विचारलं. मी सांगितलं, "एक होती की. छातीच्या गाठीनंच गेली, चाळिशीच्या आत." त्यांनी पेन खाली ठेवलं. "काकू, अहो, हे आधी सांगायचं!" आणि माझं रक्त तपासायला पाठवलं.

आत्या गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही हुपरीच्या आपल्या घरात पुन्हा चांदीच्या पैंजणांच्या कामाला बसलात. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "सख्खी भैन हुती तुमची. धा दिस तरी पाळा." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दिल्या भैनीचं तीनच दिस. ती आता त्यांच्या घरची हाय." त्या दिवशी तुमच्या हातून घुंगरू सारखे निसटत होते. मी हसले आणि तुमची थप्पड खाल्ली. तुम्ही मला मारलेलं ते एकदाच.

रक्ताचा रिपोर्ट आला. शरीरात बिघाड झाला की तो दुरुस्त करणारा एक भाग असतो, म्हणे. माझ्यात तोच जन्मापासून बिघडलेला आहे. बाई म्हणाल्या, "वडिलांकडून आला असावा." मी चिडले. "माझ्या वडलांना काय सुदिक झालं न्हवतं. ऐंशीव्या वर्षी जेवून झोपले ते उठलेच न्हाईत." त्या म्हणाल्या, पुरुषांना बऱ्याचदा काही होत नाही, पण ते पुढं देतात.

तालमीजवळच्या वाचनालयातून मी पुस्तक आणलं. सातवी झालेली बाई मी, एकेक पान दोनदा वाचते. बहुतेक कॅन्सर घराण्यातून येत नाहीत, असं त्यात आहे. मग माझाच का आला? तुम्ही मला शिकवलं होतं, नक्षी बिघडली तर चांदीला बोलू नको, ठसा बघ. पण ठशाला खोट असली की प्रत्येक नगात उतरते. इथं आत्यात उतरली, माझ्यात उतरली, आणि तुम्ही तोच ठसा घेऊन ऐंशी वर्षं धडधाकट. हे मला कुठल्याच पानावर समजत नाही. तुम्ही जाणूनबुजून काही दिलं नाहीत, हे कळतं. माझ्या लग्नात दिलेले पैंजण मात्र जाणूनबुजून दिलेत. दोन्ही तुमच्याच हातचं, असं मनात येतं आणि मग माझीच मला लाज वाटते.

आता माझ्या लेकीचं. तिच्यात उतरलं असण्याची शक्यता निम्मी. तपासणी वेळेत केली तर पुढचं टाळता येतं, असं बाई सांगतात. ती रोज फोन करते, "आई, रिपोर्ट आला का गं?" आणि मी रोज म्हणते, "न्हाय अजून." रिपोर्ट कपाटात आहे, त्याच पैंजणांच्या डब्याखाली. तिला सांगितल्यावर तिच्या नजरेत मी कोण होईन, हे कळत नाही. तुम्ही माझ्या नजरेत कोण झालात, तेही अजून कळलेलं नाही.

काल ती अचानक आली. चहा घेता घेता भिंतीकडं बघून म्हणाली, "अण्णांचा फोटू कुठं गेला?" मी म्हणाले, "पुसाय काढलाय."

"अगं, पुसाय किती वेळ लागतोय? दे हिकडं, मी लावते."

मी दिला नाही. अण्णा, रिपोर्ट आला त्याच दिवशी तुम्हाला मी भिंतीवरून काढलंय. आज सहावा दिवस. रविवारी ती पुन्हा येणार आहे. फोटो तिच्याच हातानं लावून घेईन म्हणते, आणि ती स्टुलावरून खाली उतरली की कपाट उघडेन. काल मात्र खोटंच बोलले. फोटोवर धूळ नव्हतीच.